फाटक कोणी मोजलं?

आवो लामिले गेली ती जेवूनच गेली. दुपारी तळलेल्या माशाबरोबर केंकीचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, दोन गोळे संपवले, ठेचा मिळमिळीत झालाय म्हणून नातीला चार शब्द सुनावले, अंगणातल्या बाकावर आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. असं मरण कुणाला आलं की आमच्या किनाऱ्यावर लोक आधी हेव्याने मान हलवतात आणि मग रडायला बसतात.

नात ओकाइलेही रडली. पदराने डोळे पुसत रडली, मग पदर भिजला म्हणून आवोच्या ओढणीने पुसत रडली. पण रडता रडताच तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. रस्त्याच्या या बाजूला तिचा बाप आजेते, त्या बाजूला तिचा काका आजेई. दोघेही शवपेट्या करणारे, दोघेही आवोचेच मुलगे, आणि गेल्या वीस वर्षांत दोघांमध्ये एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती. त्यात मरायच्या आधी म्हातारीने जो घोळ घालून ठेवला होता, तो जगात फक्त ओकाइलेला माहीत होता.

घोळ घालणं आवोला नवीन नव्हतं. सोवा घराण्याचा सगळा धंदाच मुळी तिच्या एका थापेवर उभा होता.

तिचा नवरा, म्हणजे ओकाइलेचा आजोबा, म्हातारा सोवा हा होड्यांचा सुतार. लग्नाला वर्ष होतंय तोच सासरा वारला. सासरा तांडेल, मोठ्या होडीचा मालक, सगळ्या किनाऱ्यावर मान. नवी लाकडं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सोवाने सासऱ्याचीच फुटकी होडी कापून पेटी करायला घेतली. मागची बाजू कापून झाली आणि पुढचं टोक कापताना करवत मोडली. दुसरी करवत नाही, बाहेर लोक जमलेले. सोवा घामाघूम होऊन दारात आला तर पेटीला पुढे हे भलंमोठं वर आलेलं टोक. तो माफी मागायला तोंड उघडणार, इतक्यात तरणीताठी लामिले पुढे झाली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “माझे बाबा जन्मभर होडीतून फिरले. आता काय खोक्यातून जातील?”

लोक ओक्साबोक्शी रडले. मग वाहवा करू लागले. वर्ष संपायच्या आत कांदेवालीच्या मुलांनी आईसाठी कांद्याच्या आकाराची पेटी मागितली, टॅक्सीवाल्याच्या विधवेने टॅक्सी मागितली, आणि एका मास्तरांनी मरायच्या आधीच येऊन खडूची चौकशी केली. सोवाने त्या दिवशी मिटलेलं तोंड पुढे जन्मभर मिटलेलंच ठेवलं. हात त्याचे चालायचे आणि तोंड बायकोचं. केंकी मक्याच्या पानात बांधून, उकडून विकता विकता ती ऑर्डरी घ्यायची.

पुढे पेट्यांबरोबर बाकीचंही आलं. प्रेत सजवून निजवायचा पितळी पलंग आला, मांडव आला, खुर्च्या आल्या, शववाहिका आली. सोवा गेला तेव्हा दोघा मुलांनी सगळं एकत्र सांभाळलं. आजेतेचा हात सांगाड्यात पक्का, आजेईचा नक्षीत. बारा-पंधरा वर्षं दृष्ट लागावी असं चाललं होतं. लागली, खेकड्याची लागली.

खेकडे विकणारी एक बडी बाई वारली. घरच्यांनी खेकडा सांगितला. आजेतेने अंग केलं, आजेईने नांग्या केल्या. अशा पसरट, अशा डौलदार, की बघायला शेजारच्या गावची माणसं आली. मिरवणूक वाजतगाजत दफनभूमीच्या फाटकाशी पोचली आणि खेकडा फाटकात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. वाजंत्री थांबली. शेवटी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर करवत आणून दोन्ही नांग्या कापाव्या लागल्या, आणि दोन पुतण्यांनी एकेक नांगी खांद्यावर टाकून मागोमाग चालत नेली. तिथेच, कबरीच्या काठावर आजेतेने विचारलं, “फाटक कोणी मोजलं?”

“मी मोजलं होतं,” आजेई म्हणाला. “तूच अंग रुंद केलंस.”

“मोजलं मी होतं. तूच नांग्या लांबवल्यास.”

एका घरात भांड्याला भांडं लागतंच. पण हे भांडण महिना चाललं, मग वर्ष, आणि मग त्याला घरच्याच माणसासारखी जागा मिळाली. आजेई रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि त्याने पाटी लावली: ‘सोवा आणि खरे पुत्र’. पितळी पलंग थोरल्याकडे राहिला, शववाहिका धाकट्याने नेली. त्यामुळे मेलेल्या प्रत्येक माणसाला दोघांचीही गरज पडायची, आणि मधे निरोप न्यायला कुणीतरी लागायचं. तेव्हा ओकाइले अकरा वर्षांची होती. “काकाला सांग, शनिवारी गाडी सकाळी हवी.” “बापाला सांग, गाडी येईल, पण त्या पलंगाला पॉलिश कर म्हणावं, लाज आणू नकोस.” पुढे ती रंगकामात तरबेज झाली. माशाचा डोळा रंगवावा तर तिनेच, टॅक्सीचा दिवा पेटलेला वाटावा तर तिच्याच हातून. दोन्हीकडे रंगवायची, दोन्हीकडे जेवायची, आणि दोन्हीकडचे टोमणे निम्मे गाळून पोचवायची.

तर आता आवोचा घोळ. जायच्या थोडे दिवस आधी तिने आजेतेला एकट्याला बोलावलं.

“मला केंकीचं भांडं कर,” ती म्हणाली. “त्या भांड्याने तुम्हाला पोसलं, मला त्यातूनच जायचंय.”

“भांडं गोल असतं, आवो. तू लांब आहेस.”

“मी कसली लांब! लांबट भांडं कर. आणि झाकण करू नकोस. तोंडाचं माप भावाला विचार.”

मग आजेईला बोलावलं. “तू माझं झाकण कर. भांड्याची काळजी करू नकोस. माप भावाला विचार.”

दोघेही तिच्यासमोर हो म्हणाले, कारण आवोसमोर नाही म्हणायची सोय त्या घरात नव्हती. बाहेर पडल्यावर दोघांनीही ओकाइलेलाच हाक मारली. पण आवो त्याच्याही आधी पोचली होती.

“तू मधे पडायचं नाहीस,” तिने नातीला बजावलं. “तुझ्या तोंडून माप गेलं, तर मी भांड्यातून उठून बसेन.”

“आवो, ते नाही बोलायचे. मेले तरी नाही बोलायचे.”

“कशाला बोलतील? तू आहेस ना बोलायला! घरच्या घरी फुकटचा पोस्टमन असला, तर चालत कोण जातंय? माझ्या मुलांचं भांडण कुणी जगवलं असेल तर तू, माझ्या सोन्या. एवढी वर्षं दूध पाजलंस त्याला.”

ओकाइलेला ते फार लागलं. आपण सगळ्यांना धरून ठेवलंय, असं ती समजत होती. तिने रागारागाने वचन दिलं आणि त्याच आठवड्यात म्हातारी केंकी खाऊन मोकळी झाली.

भाऊबंदांमध्ये सगळ्यांत थोरले म्हणजे नी आर्मा; ‘नी’ ही मानाची पदवी. त्यांनी जमिनीवर जिन दारूची धार सोडून पूर्वजांना कळवलं आणि शनिवार ठरवला. दुसरा वार शक्यच नव्हता, कारण सोमवारपासून होमोवोच्या सणाआधीची नगाराबंदी. ढोल नाही, बॅन्ड नाही, मयतही नाही. शनिवार हुकला तर आवो बंदी उठेपर्यंत शवागाराच्या बर्फात. आणि आवोला तर पंख्याचा वाराही सोसायचा नाही. “सोवांची आई बर्फात पडली, कारण सोवांकडे पेटी नव्हती,” हे वाक्य अजून कुणी बोललं नव्हतं, पण ओकाइलेला ते सगळ्या बाजारपेठेच्या तोंडून ऐकू यायला लागलं होतं.

मंगळवारपर्यंत भांडं तयार झालं. आजेतेने देखणं केलं होतं, लांबट, पोट सुटलेलं, पण तोंडाची कड मोकळी सोडलेली. तो ओकाइलेसमोर येऊन उभा राहिला आणि छताकडे बघत मोठ्याने म्हणाला, “मी आपला स्वतःशीच बोलतोय हं. तुला काही सांगत नाहीये. या भांड्याचं तोंड आहे सहा फूट...”

ओकाइलेने दोन्ही कानांत बोटं घातली आणि चर्चमधलं गाणं सुरू केलं.

“अगं गाढवे, ऐक तरी!”

तिने दुसरं कडवं घेतलं.

पलीकडे काकाने वेगळा डाव टाकला. तिला नवंकोरं कापड दिलं. “बापाला दाखव, छान आहे का म्हणावं.” कापडाच्या घडीत मापाच्या गाठी मारलेली सुतळी होती. तिने कापड ठेवून घेतलं आणि सुतळी परत केली.

“कापड का ठेवलंस मग?”

“आवडलं, काका.”

बुधवारी आजेईने हट्टाला पेटून तीन झाकणं केली, मोठं, मधलं आणि लहान. एक तरी बसेल! इकडे आजेते भिंतीला कान लावून ठोकाठोक मोजत बसला. “तीन! काय आईला तीनदा झाकणार आहे का हा?” असं म्हणून त्याने भांड्याची कड इंचभर तासली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मयताचे फलकही दोन निघाले. एकावर ‘शोकाकुल: थोरले पुत्र’ सगळ्यांत वर, तर दुसऱ्यावर ‘शोकाकुल: लाडके पुत्र’. ओकाइलेने दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी शेजारी डकवले. आवो दोन्हींवरच्या फोटोतून सारख्याच मिश्कीलपणे बघत होती.

गुरुवारी दुपारी भाऊबंदांच्या वाड्यावर बैठक भरली. मधेच आजेते पोट धरून उठला. “जरा जाऊन येतो. पोटात कळ आलीय.” तो गेला आणि थोड्याच वेळात आजेई पोट धरून उठला.

नी आर्मा काठी टेकत म्हणाले, “सोवांच्या घरात दोघांत मिळून एकच पोट आहे की काय? ओकाइले, जा गं, बघून ये. मेले तर एकाच शनिवारी उरकू.”

ओकाइले धावत सुटली आणि कोपऱ्यावरच्या फोनकार्डाच्या टपरीआड थबकली. बाप स्वतःच्या दारातून मोजायची टेप घेऊन बाहेर पडत होता, चोरासारखा इकडेतिकडे बघत. त्याच घडीला काका आपल्या दारातून बाहेर पडला, हातात टेप. दोघेही एकमेकांच्या कारखान्यात चोरून शिरायला निघालेले, दोघेही खाली मान घालून, झपाझपा. रस्त्याच्या बरोबर मधे त्यांची टक्कर झाली.

ओकाइलेने पदर तोंडात कोंबला. जीभ नुसती वळवळत होती. एक वाक्य, फक्त एक वाक्य मधे टाकलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. तिने पदर घट्ट चावला.

“कुठे?” आजेते म्हणाला. वीस वर्षांतला पहिला शब्द.

“जरा पाय मोकळे करायला.”

“टेप घेऊन?”

“तुझ्या हातात काय आहे, केळं?”

माणसांनी खचाखच भरलेली एक ट्रोट्रो गाडी येऊन करकचून थांबली. मागे दुसरी. दारात लटकलेला कंडक्टर ओरडला, “ओ आजोबा! रस्ता मोजून झाला असेल तर बाजूला व्हा!”

कुणी हललं नाही. आता हलणं म्हणजे हरणं होतं.

“तोंड किती?” आजेईने विचारलं, अगदी हळू.

“आधी तू सांग, झाकण किती?”

“तीन आहेत.”

“ऐकलंय मी. सगळ्या गल्लीने ऐकलंय. तोंड मी कालच तासलं.”

“का?”

“तुझी ठोकाठोक ऐकून डोकं फिरलं म्हणून!”

आजेईच्या ओठांचा कोपरा हलला. पण त्याने तो आवरला. मागून तिसऱ्या ट्रोट्रोने भोंगा दिला. “चल,” आजेते पुटपुटला, “दोघांनी एकदाच मोजू. एकट्याने मोजलं की टेप सरकते.” मग दोन म्हातारे एका दारातून आत गेले. आतून ओकाइलेच्या बापाचा आवाज आला, “धर. नीट धर. सरकवू नकोस,” आणि काकाचा, “धरलंय रे, तू वाच.” ओकाइले टपरीशेजारच्या पालथ्या बादलीवर बसली आणि आवो गेली त्या दिवसापेक्षाही जास्त रडली, हसतही होती मधेमधे. टपरीवालीने तिला पाण्याची पिशवी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

झाकण तिन्हींपैकी एकही बसलं नाही. रात्रभर खपून दोघांनी चौथं केलं, आणि ते असं बसलं की मधून कागद सरकणार नाही. शुक्रवारी रंग चढला. रंगवता रंगवता ओकाइलेला वाटलं, भांड्याला कान नाहीत, भांडं बोडकं दिसतंय. तिने दोन जाडजूड लाकडी कड्या केल्या. बापाने एक ठोकली, काकाने दुसरी, आणि तिघांनी मागे सरून बघितलं. अंगणात चूल मांडावी आणि वर चढवावं, इतकं खरं भांडं झालं होतं.

शनिवारी आवो पितळी पलंगावर पांढऱ्या लेसमध्ये निजली होती. पलंगाला आरशासारखं पॉलिश होतं, आजेईने स्वतः येऊन बघितलं आणि त्यात बघून आपलं कापड सारखं केलं, म्हणजे आवडलं. शववाहिका भोंगा वाजवत आली. बॅन्ड पेटला होता, सोमवारपासून गप्प बसायचं तर आजच सगळं वाजवून घ्या म्हणत. खांदेकरी भांडं घेऊन नाचत होते, दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघ्यात वाकून गोल गिरकी. केंकीवाल्या बायका पंखे फडकवत ओरडत होत्या, “हळू रे, हळू! उतू जाईल!” ओकाइलेही नाचत होती. तिचा आनंद तिच्यात मावत नव्हता.

मिरवणूक दफनभूमीच्या फाटकाशी आली आणि ठक्कन आवाज झाला.

भांडं अडकलं होतं. उजवी कडी एका खांबाला, डावी दुसऱ्या. खांदेकऱ्यांनी पुढे रेटलं, मागे ओढलं. बॅन्डमधला कर्णा एकटाच थोडा पुढे वाजला आणि मग लाजून थांबला. गर्दीतून कुणी म्हातारी कुजबुजली, “अगं बाई, खेकडा!”

ओकाइलेने अडकलेल्या कड्यांकडे बघितलं. कड्या तिच्या होत्या. एक पाऊल पुढे टाकायचं आणि म्हणायचं, बाबा, काका, चूक माझी, तुम्ही भांडू नका. पाऊल उचललंही गेलं होतं. तेवढ्यात तिला आवोचं बोलणं आठवलं, आणि तिने पाऊल होतं तिथेच ठेवलं. देवाशपथ, तिच्या आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं.

आजेते फाटकाजवळ गेला. खांबाला हात लावला. मग वळून त्याच जुन्या आवाजात म्हणाला, “फाटक कोणी मोजलं?”

आजेई पुढे आला आणि दुसऱ्या खांबाशी उभा राहिला.

“मी नाही मोजलं,” तो म्हणाला. मग घसा खाकरला. “तेव्हाही नव्हतं मोजलं.”

गर्दीतल्या मागच्यांनी टाचा उंच केल्या.

आजेतेने डोक्यावरचं कापड काढलं, घाम पुसला. “मीही नाही,” तो म्हणाला. “तेव्हाही. मला वाटलं, तू मोजलं असशील.”

“मला वाटलं, तू.”

“म्हणजे वीस वर्षं...”

“त्या खेकड्यासाठी...”

पहिल्यांदा हसला कोण ते सांगता येत नाही, कारण दोघांचं हसू सोवासारखंच, आवाज न होता पोट हलणारं. दोन म्हाताऱ्यांची पोटं हलायला लागली. आजेई खांबाला टेकला. आजेते त्याच्या खांद्याला टेकला. मग खांदेकरी हसले, मग बायका, मग बॅन्डवाले. नी आर्मा एकटे गंभीर उभे होते, त्यांनाही ठसका लागला.

“आता हसणं पुरे,” ते डोळे पुसत म्हणाले. “करवत आणा कुणीतरी.”

“करवत नाही लावायची!” दोघे भाऊ एकदमच ओरडले. आणि आजेते म्हणाला, “भिंतीवरून नेऊ.”

निम्मे खांदेकरी आत गेले, निम्मे बाहेर राहिले. आजेते भिंतीच्या आत, आजेई बाहेर. बॅन्ड पुन्हा सुरू झाला. आवो लामिले डोक्यांच्या वर, हातांच्या वर चढली. भिंतीच्या कडेवर भांडं क्षणभर डुललं आणि झाकण खडखडलं, आतलं उकळायला लागल्यासारखं. बायकांनी एकच गिल्ला केला.

“ओकाइले!” भार सांभाळत काका ओरडला. “बापाला सांग, डावीकडून धर म्हणावं!”

ओकाइले त्याच्या शेजारीच उभी होती. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“तुम्हीच सांगा ना, काका. भिंतीपलीकडेच तर आहेत.”

आजेईने तिच्याकडे रागाने बघितलं. भांडं डुललं. त्याने मान वर केली, घसा साफ केला आणि सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“अरे दादा, डावीकडून धर!”

“धरलंय रे!” भिंतीपलीकडून आवाज आला. “सोड तू.”